चुना धरलेल्या गाठी

अक्कलदाढ ठणकते म्हणून दानम्मा दवाखान्यात गेली, आणि दाढ राहिली बाजूला. डॉक्टरीणबाईंनी फोटोवर बोट ठेवलं ते दाढेच्या खाली, जबडा जिथं संपतो त्याच्याही खाली. "काकू, लहानपणी तुमच्या मानेत गाठी आल्या होत्या का?" त्यांनी विचारलं तेव्हा दानम्माचं अर्धं लक्ष बाहेरच्या बाकावर ठेवलेल्या पिशवीकडं होतं. पिशवीत अपेक्षाच्या साडीला लावायला घेतलेली लेस होती. पोरीला बघायला परळीचे पाहुणे येऊन गेले होते, पसंती कळवली होती, आता कुंकवाचा कार्यक्रम तेवढा राहिला होता, आणि त्याच्या आत ही दाढ काढून मोकळं व्हावं, एवढाच तिचा विचार होता. "गाठी? न्हाई बा," ती म्हणाली. "मला काय झालंच न्हवतं कधी."

डॉक्टर लुबना म्हणजे फळांच्या अडतीवाल्या फिरोजभाईंची मुलगी. औरंगाबादला दातांचं शिकून आली आणि बीडातच दवाखाना टाकून बसली. अठ्ठ्याण्णव साल होतं ते. गावात घरोघरी केबलच्या वायरी लोंबत होत्या, चौकाचौकात एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या होत्या, आणि लुबनानं सगळ्या जबड्याचा एकदम फोटो काढणारं यंत्र आणल्याची बातमी दानम्माच्या नवऱ्याच्या, कल्याणरावांच्या भांड्यांच्या दुकानापर्यंत पोचली होती. "जा, काढून ये फोटो. आता औरंगाबादला जायाची गरज न्हाई," कल्याणराव म्हणाले होते, जणू यंत्र त्यांनीच आणलं होतं. यंत्रापुढं उभं राहायचं, हनुवटी टेकवायची, पुढच्या दातांत प्लॅस्टिकची कांडी धरायची. कानातलं काढा, गळ्यातलं काढा, लुबना म्हणाली. दानम्मानं मंगळसूत्र काढून दिलं, पण लिंगाची चांदीची डबी काही काढली नाही, ती तिनं दोऱ्यासकट खाली पोलक्यात सरकवली. मग यंत्र घरघरत एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत डोक्याला वळसा घालून आलं. तेवढा वेळ तिनं डोळे मिटून श्वास धरून ठेवला होता. कुणीतरी आपल्याभोवती फिरून आपल्याला न्याहाळतंय आणि आपल्याला मात्र हलायची परवानगी नाही, हे तिला फार जुनं, ओळखीचं वाटलं. का, ते तेव्हा कळलं नाही.

आता तो फोटो उजेडाच्या पेटीवर लावलेला होता. सगळे दात एका ओळीत, चेहरा नसलेलं हसू. आणि डाव्या बाजूला, जबड्याच्या कोपऱ्याखाली, ज्वारीच्या लाह्या फुटून एकमेकींना चिकटाव्यात तसे पांढरे पुंजके. "हे हाड नाही," लुबना म्हणाली. "दातही नाही. ह्या मानेतल्या गाठी आहेत, जुन्या. त्यांनी चुना धरलाय. शरीराचं असं असतं काकू, आतलं दुखणं बरं झालं की कधीकधी ते त्याला चुन्यानं लिंपून टाकतं. ह्या बहुतेक टीबीच्या. जुनी माणसं गंडमाळ म्हणायची बघा." दानम्मानं पदर मानेभोवती ओढून घेतला. टीबी हा शब्द तिच्या माहेरात मोठ्यानं उच्चारत नसत. लुबना घाईघाईनं म्हणाली, "घाबरू नका, आता काही नाही. कधीच बरं झालंय. खात्रीसाठी छातीचा एक फोटो काढून घ्या, बस. पण एक सांगू? त्या काळात हे असं आपोआप बरं होत नव्हतं. वर्ष-दीड वर्ष कुणीतरी तुमचं औषधपाणी अगदी नेटानं केलेलं दिसतंय."

दानम्मानं विचारलं ते पोरीसाठी. "कुणाला लागत तर न्हाई ना हे? घरात लगीन हाय." लुबना हसली. "चाळीस वर्षांनी? अहो, तेव्हाही लागलं नसतं. छातीत नसेल, नुसत्या गाठी असतील, तर ते कुणाला लागत नाही. जवळ बसा, एका ताटात जेवा, लेकराला मांडीवर घ्या, काही होत नाही." मग ती दाढेबद्दल बोलत राहिली, सूज उतरल्यावर काढू म्हणाली, गोळ्या लिहून दिल्या. दानम्मा मान हलवत होती. तिला दिसत होती ती एक जर्मनची, अ‍ॅल्युमिनियमची ताटली.

रस्त्यावर ऊन होतं. रिक्षा नको म्हणून ती चालत निघाली, आणि चालता चालता दिंद्रुडच्या वत्सलाआत्याची पडवी तिच्यासमोर उभी राहिली. पाच वर्षांची असताना तिला धारूरहून तिथं नेऊन ठेवलं होतं. आत आत्याचं घर होतं, आत्याची मुलं होती, चूल होती, देवघर होतं, आणि ही बाहेर पडवीत. हिचं अंथरूण वेगळं, हिचा पेला वेगळा, आणि ती जर्मनची, काठ चेपलेली ताटली. जेवण झालं की तिची तिनं राखेनं घासायची आणि भिंतीशी पालथी घालायची. आत्याची मुलं उंबऱ्यापर्यंत यायची आणि कुणीतरी आतून ओरडलं की पळून जायची. आत्या वाईट नव्हती. रोज सकाळी ती गोठ्यात लपवलेली एक बाटली काढायची, दानम्माचं नाक दाबायची आणि स्वतःचं तोंड दुसरीकडं फिरवून एक चमचा घाण वासाचं तेल तिच्या घशात ओतायची. मग लिंगाला हात लावून काहीतरी पुटपुटायची आणि चमचा मातीत खुपसून ठेवायची. माशाचं तेल. लिंगायताच्या घरात माशाचं तेल! हे दानम्माला आत्ता, या घडीला, सायकलींच्या दुकानासमोर उभी असताना उमगलं. तेव्हा तिला वाटायचं, आपल्याला शिक्षा चाललीय. गळ्याभोवती बांधलेलं काळ्या लेपाचं फडकं, तेही शिक्षेचंच. माजलगावहून सायकलवर येणारा कंपाउंडर कमरेत सुई टोचायचा. "ताप हाय पोरीला," आत्या शेजाऱ्यांना सांगायची. ताप तिला कधी आल्याचं आठवत नव्हतं. सुया मात्र आठवत होत्या. एवढ्या की एका कुशीवर झोपवत नसे. हे सगळं ती कधी विसरली नव्हती. उलट, जपलं होतं. एकेक गोष्ट पुसूनपुसून मनात ठेवली होती, आणि त्या सगळ्यांचा मिळून एकच अर्थ लावला होता: तिसरी पोरगी म्हणून आईनं मला टाकलं. आणि तो अर्थ तिचा एकटीचा नव्हता. दिंद्रुडमध्ये बाया तेच बोलायच्या, धारूरमध्येही तेच. दोघींच्या पाठीवर तिसरी झाली, मग चौथ्या खेपेला मुलगा झाला, आणि मुलगा झाल्या झाल्या तिसरीला नणंदेच्या गळ्यात घातलं. सरळ हिशोब होता. कुणालाच तो खोटा वाटला नाही.

आई एकदाच आली होती दिंद्रुडला. बैलगाडीतून उतरली, कडेवर सोमेश्वर, तान्हा. दानम्मा पडवीतून उठली आणि धावत सुटली. तिला अजून ते अंगण आठवतं, पायाला लागलेलं ऊन आठवतं, गळ्यातलं फडकं सुटून मागं पडलं ते आठवतं. आणि मग आईचा हात वर झाला, पंजा उघडा, पुढं केलेला. "तिथंच थांब." बास, एवढंच. ती थांबली. आई आत गेली, आत्याशी काहीबाही बोलली, चहा प्यायली आणि गाडी उन्हं उतरायच्या आत निघून गेली. जाताना गाडीच्या मागच्या फळीवर बसलेली आई पदर तोंडात धरून होती. दानम्माला वाटलं, धुळीपायी. दोन वर्षं पुरी झाल्यावर तिला परत धारूरला नेलं तेव्हा ती आईला "तुमी" म्हणू लागली. घरात सगळी भावंडं आईला "ए आई, तू" म्हणायची. ही एकटी "तुमी". लोक कौतुक करायचे, किती वळण आहे पोरीला म्हणून. आईनं एकदाही म्हटलं नाही की, मला तू म्हण.

मग लग्न झालं, बीडला आली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची रीत, ही गेली नाही. सासूनं समजावलं, कल्याणरावांनी समजावलं, ही म्हणाली, "इथंच बरं हाय." अपेक्षा झाली तेव्हा आई स्वतःहून आली, धारूरच्या बसनं, डोक्यावर डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. खोलीच्या दाराशी आली. आणि दानम्मा बाजेवरून म्हणाली, "तिथंच थांबा. बाळ झोपलंय." ते शब्द तिनं ठरवून वापरले होते. वीस वर्षं वाट बघून वापरले होते. आईच्या तोंडाकडं तिनं मुद्दाम बघितलं. आईला आठवलं की नाही, काही कळलं नाही. ती दाराशीच बसली, डबा पुढं सरकवला आणि बाळ उठेपर्यंत तिथंच बसून राहिली. पुढं अपेक्षा मोठी झाली, आजीची लाडकी झाली, दर उन्हाळ्यात धारूरला जाऊन राहू लागली, तेही दानम्माच्या मनाला फारसं रुचत नसे. आजी अशी, आजी तशी. आजीनं मला कुशीत घेऊन झोपवलं. दानम्मा ऐकायची आणि भाजी चिरायची.

घरी येऊन तिनं फोटोचं पाकीट कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं. कल्याणराव जेवताना म्हणाले, "काय म्हणली डाक्टरीण?" "दाढ काढायची म्हणली. सूज उतरल्यावर." "अन् फोटोत काय दिसलं?" "दातच की. दातांच्या फोटोत काय दिसणार?" ते हसले. सगळा दिवस तिचा हात मानेकडं जात राहिला. बोटांना काही लागत नव्हतं. मऊ मांस, त्याखाली शीर, त्याखाली कुठंतरी ते. चाळीस वर्षं ती त्यांच्यासकट वावरली होती, त्यांच्यावरून मंगळसूत्र घातलं होतं, नवरा तिथं हात ठेवून झोपला होता, आणि कुणाला काही कळलं नव्हतं. तिला राग यावा असं वाटत होतं, पण तो कुणावर काढायचा ते सापडेना. आईनं टाकलं नव्हतं तर मग ती आपल्या जन्माचं करणार काय? ज्यावर सगळं उभं केलं, ते बोलणं-न बोलणं, ते न जाणं, ते दाराशी थांबवणं, त्याच्या खालची जमीनच कुणीतरी काढून घेतली होती. आणि डॉक्टरीण एक वाक्य सहज बोलून गेली होती, ते तर त्याहून वाईट होतं. कुणाला लागत नाही. म्हणजे पडवी नको होती. ताटली नको होती. तो वर केलेला हातही नको होता.

दोन दिवस तिनं कळ काढली. तिसऱ्या दिवशी, "आईला कार्यक्रमाचं सांगून येते," म्हणून ती धारूरच्या गाडीत बसली. सीताफळांचे दिवस होते. गाडीत पाट्याच पाट्या, पाय ठेवायला जागा नाही. तेलगावला गाडी थांबली, दिंद्रुडचे लोक उतरले, आणि ती मान वळवून दुसरीकडं बघत राहिली. मग घाट सुरू झाला. पाकीट तिनं मांडीवर धरलं होतं, वाकू नये म्हणून दोन्ही हातांनी, आरतीचं ताट धरावं तसं.

सोमेश्वर शेतात गेला होता. भावजय मागच्या दारी भांडी घासत होती. दानम्माची आई सुभद्राबाई ओसरीवर बसून सुपातला लसूण सोलत होत्या. डोळ्यांना आता फार दिसत नव्हतं, बोटंच काम करत होती. "कोन? दानम्मा?" त्यांनी पावलांवरूनच ओळखलं. "एकटीच आलीस? पोरगी बरी हाय न्हवं?" दानम्मा समोर बसली. बसमध्ये तिनं पुष्कळ काही जुळवून ठेवलं होतं, ते सगळं गेलं. तिनं पाकिटातून फोटो काढला आणि आईच्या मांडीवर ठेवला. "दाताचा फोटो काढला बीडला. त्यात मानेतल्या गाठी दिसल्या. चुना धरलेल्या. डाक्टर म्हणली, लहानपणी गंडमाळ झालती."

लसूण सोलणारी बोटं थांबली. मग परत चालू झाली. "कोन डाक्टर?"

"दाताची."

"दातावालीला गळ्यातलं काय कळतंय?" सुभद्राबाईंनी फोटो मांडीवरून उचलून खाली ठेवला, त्याच्याकडं न बघता. आवाज खाली आला. "कुनाला सांगितलंस?"

"कुनाला न्हाई."

"मालकाला?"

"न्हाई."

"मग सांगू नगंस. पोरीची सोयरीक झालीया. लोकं म्हनतील, आईला व्हतं, पोरीलाबी आसंल. एकदा नाव झालं की पुसत न्हाई. जाळून टाक ते चुलीत."

"मंजी झालतं," दानम्मा म्हणाली.

"काय न्हवतं झालं." सुभद्राबाई पुढं वाकल्या. लसणाचा वास येणारा त्यांचा हात दानम्माच्या गालाजवळ आला, चाचपडला नाही, भटकला नाही. डाव्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्याला, नेमका जाऊन टेकला. अंगठा आणि दोन बोटं. ती बोटं हलकी दाबत खाली उतरली, थांबली, परत वर आली, रोज सकाळी उठून हेच काम केल्यासारखी. डावी बाजू की उजवी, हे दानम्मानं सांगितलंच नव्हतं. "हितं काय न्हाई," सुभद्राबाई म्हणाल्या. "पैल्यापासनंच काय न्हवतं."

दानम्माला वाटलं, हा हात असाच राहावा. आणि त्याच क्षणी तिचा असा काही संताप उसळला की तिला स्वतःला आवरता आलं नाही. "मग कावून ठिवलंस मला तिकडं? दोन वर्सं कावून ठिवलंस?" आपण "ठिवलंस" म्हणालो, "ठिवलंत" नाही, हे तिला बोलून झाल्यावर कळलं.

आईलाही कळलं असावं. तिची बोटं मानेवर क्षणभर ताठ झाली. मागच्या दारी भांड्यांचा आवाज थांबला होता, तिकडं कान देत ती म्हणाली, "तुला ठावं हाय की. समद्या गावाला ठावं हाय."

"गावाला काय ठावं हाय? आईनं तिसरी पोरगी टाकली, हे ठावं हाय. अन् तू तसंच ठावं हू दिलंस."

"टाकलेली पोरगी कुनीबी सून करून घेतंय," सुभद्राबाई म्हणाल्या. "रोगाची न्हाई घेत."

इतकं सरळ त्या बोलून गेल्या आणि मग ओठ घट्ट मिटून बसल्या, जणू तोंडातून पडलेलं परत आत घ्यायचं होतं. दानम्माला त्या वेळी गप्प बसता आलं असतं. पुढं कितीतरी दिवस तिला वाटत राहिलं, आपण तिथंच गप्प बसायला हवं होतं, उठून आईचे पाय धरायला हवे होते. पण ती म्हणाली, "डाक्टर म्हणली, गाठीचं कुनाला लागत न्हाई. सोमूला लागलं नसतं. कुनालाच लागलं नसतं. एका ताटात जेवलं तरी चालतं म्हणली."

सुभद्राबाईंचा हात मानेवरून खाली आला आणि मांडीवर पडून राहिला. मागं भांडी परत वाजू लागली. रस्त्यावरून कुणीतरी शेळ्या हाकत गेलं. सूप तसंच राहिलं, अर्ध्या पाकळ्या सोललेल्या, अर्ध्या तशाच. दानम्मानं फोटो उचलून पाकिटात घातला, उगाच त्याच्या कडा नीट केल्या. भावजय चहा घेऊन आली, कार्यक्रमाला किती माणसं येणार विचारू लागली, दानम्मा उत्तरं देत राहिली. सुभद्राबाईंनी बशीत चहा ओतला आणि तो बशीतच गार झाला. भावजय आत गेली तेव्हा त्यांनी विचारलं. दानम्माकडं तोंड नव्हतं, अंगणाकडं होतं, आणि आवाज अगदी साधा होता, बाजारभाव विचारावा तसा. "मंजी जवळ घेतलं आस्तं, तरी चाललं आस्तं?"

दानम्मानं आईकडं बघितलं. तिला ती गाडी दिसली, मागच्या फळीवर पदर तोंडात धरून बसलेली बाई दिसली, तेवीस-चोवीस वर्षांची, आजच्या अपेक्षापेक्षा फार तर तीन वर्षांनी मोठी. खरं उत्तर एका अक्षराचं होतं. ते दिलं तर ही म्हातारी राहिलेले दिवस रोज ते अंगण बघेल, रोज हात वर करेल. "कुनाला ठावं," दानम्मा म्हणाली. "ती डाक्टर नवीन पोरगी हाय. तिला काय कळतंय. तवाच्या डाक्टरनी सांगितलं तेच बरुबर आसंल."

"व्हय," सुभद्राबाई म्हणाल्या. "दातावालीला काय कळतंय." आणि त्यांनी सूप पुढं ओढलं.

परतीच्या गाडीत दानम्माला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. घरी गेल्यावर तिनं फोटो पाणी तापवायच्या चुलवणात घातला. तो भडकन पेटला नाही, आक्रसला, काळा धूर सोडला आणि फार घाण वास सुटला. कल्याणराव बाहेरून ओरडले, "काय जाळायलीस गं?" "प्लॅस्टिकची पिशवी," ती म्हणाली. दाढ तिनं नंतर काढलीच नाही. लवंग धरून दिवस काढले.

कुंकवाचा कार्यक्रम दिवाळीनंतर झाला, बीडला, घरासमोरच मांडव टाकून. परळीहून होणारे व्याही विठ्ठलराव, त्यांच्या घरच्या बाया, मुलगा महांतेश, पुण्याला कंपनीत असलेला, बोटानं चष्मा वर सारत सगळ्यांच्या पाया पडणारा. आत बायकांसाठी सतरंज्या टाकल्या होत्या. धारूरहून सोमेश्वर आईला घेऊन आला होता. सुभद्राबाई भिंतीशी बसल्या आणि अपेक्षा नटूनथटून त्यांच्याच शेजारी जाऊन बसली, आजीच्या हातात हात देऊन. बोलणं चाललं होतं, कुणाचं कोण, कुठलं कोण. विठ्ठलरावांची थोरली भावजय, जाडजूड, गोड बोलणारी बाई, मघापासून दानम्माकडं बघत होती. "तुमचं माहेर धारूरचं. पर तुमाला मी बगितलंय कुटंतरी." मग तिचा चेहरा उजळला. "माझं माहेर दिंद्रुड. वत्सलाबाईच्या शेजारचंच घर आमचं! त्यांच्या पडवीत एक पोरगी आसायची बगा, गळ्याला फडकं बांदलेली. आमाला तिच्याबरं खेळू देत नसायचे. ती तुमीच का वो?"

दोन-तीन बायकांच्या माना वळल्या. विठ्ठलरावांच्या बायकोच्या हातातला पानाचा विडा हातातच राहिला. "फडकं कशाचं?" तिनं विचारलं, हसतच, पण डोळे हसत नव्हते.

दानम्माला भिंतीकडं बघायची गरज नव्हती. आई तिकडं आहे, ऐकतेय, हे तिला पाठीला कळत होतं. नाही म्हणावं तर ही बाई ओळख पटवत बसेल, दिंद्रुडला विचारेल. ताप म्हणावं तर दोन वर्षांचा ताप कसला? जी गोष्ट लोक विचारपूस न करता खरी मानतात, ती एकच गोष्ट तिच्याजवळ होती. ती तिनं चाळीस वर्षं खरी म्हणूनच बाळगली होती, त्यामुळं बोलताना आवाज अडखळला नाही. "मीच ती," ती म्हणाली. "फडकं थंडीचं. आत्याकडं ठिवलतं मला. तिसरी पोरगी मी. सोमू झाला, मग आईला नगं झालते."

मग सगळ्यांचे डोळे एकदम भिंतीकडं गेले. थोरली भावजय हळहळून म्हणाली, "आगं माय! व्हय वो? पोटच्या पोरीला?"

सुभद्राबाईंनी मान वर केली. नीट दिसत नसलेल्या डोळ्यांनी त्या आवाजाच्या रोखानं बघत होत्या. "व्हय," त्या म्हणाल्या. "जड झालती."

विठ्ठलरावांच्या बायकोनं सुस्कारा सोडला आणि विडा तोंडात घातला. तिचे डोळे निवळले. "जुनी मानसं," ती दानम्माला म्हणाली, मायेनं, तिच्या हातावर हात ठेवून. "आता आपन आपल्या पोरींना तसं न्हाई करायचं." कुणीतरी कुंकवाचं ताट आणायला उठलं. बाहेर ताशा सुरू झाला. दानम्मानं तेव्हा कुठं भिंतीकडं बघितलं. अपेक्षा आजीकडं बघत होती, कधी न बघितलेल्या माणसाकडं बघावं तशी. मग तिनं आजीच्या हातातला आपला हात सावकाश काढून घेतला. सुभद्राबाईंनी तो धरून ठेवला नाही.